घाटकोपरमार्गे कोलोन

मुलुंडला ज्यांच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन मी काही वर्षं राहिले, त्या काकांनी सुरुवातीला मला आठवडाभर ट्रायलवर ठेवलं होतं. भाडं ठरलं, सामान आलं, काकूंनी चहा दिला आणि काका म्हणाले, किल्ली पुढच्या रविवारी. तोवर मी रोज संध्याकाळी बीकेसीच्या ऑफिसातून दमून यायचे आणि ज्या घराचं भाडं भरलंय त्याच घराची बेल वाजवून पाहुण्यासारखी उभी राहायचे. काका दार उघडायचे. मी चपला कुठे काढते, गीझर बंद करते का, रात्री दाराची कडी किती आवाज करून लावते, हे सगळं शेजारी उभं राहून बघायचे. रविवारी त्यांनी एका जुन्या नेलपॉलिशच्या बाटलीतून माझ्या खोलीच्या चौकटीवर हिरवा ठिपका लावला आणि किल्ली हातात दिली. मी पास झाले होते. त्या घरात पास झालेल्या गोष्टी फार नव्हत्या, हे मला पुढे कळलं.

काका भांडुपच्या एका पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. उभी नोकरी त्यांनी एकच काम केलं. तयार झालेला पंप चालवून बघायचा. चांगला निघाला तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. चालवून बघितल्याशिवाय एकही नग गेटबाहेर सोडायचा नाही, हा तिथला नियम. काका रिटायर झाले, मागोमाग कारखानाही बंद पडला, त्या जागेवर टॉवर आले. नियम तेवढा काकांबरोबर घरी राहायला आला. नवा कुकर आणला की पहिले काही दिवस त्यात नुसतं पाणी उकळायचं. नवी छत्री आणली की ती उघडून शॉवरखाली उभं राहायचं. गणपतीच्या आधी मोदकांची ट्रायल व्हायची. त्यात एखादा मोदक फुटायचाच. मोदकाला ठिपका लावता येत नाही म्हणून काका सगळ्या घाण्याला तोंडी नापास करायचे आणि मग तो नापास माल एकटे बसून संपवायचे. काकू म्हणायच्या, खाताना बरी यांना खोट दिसत नाही.

"कागदावर सगळंच चालतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसरं, "बिघडायचं ते इथे बिघडू दे." ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की आजही ऑफिसात कुणी काही बेत मांडला की माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघतं आणि मग मला माझाच राग येतो.

तर जर्मनी. काकांच्या कारखान्यातली निम्मी यंत्रं जर्मनीहून आलेली. त्यांना कुणी नंबराने ओळखत नसे, जिथून आली त्या गावाने ओळखत. त्यामुळे काका घरी येऊन सांगायचे ते असं, की आज कोलोन तापलं होतं, हॅम्बुर्ग गळतंय, म्युनिकला हात लावू देत नाहीत. काकू महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. भिंतीवरच्या नकाशात छडी टेकवून त्यांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना जग दाखवलं आणि स्वतः गोव्याच्या पुढे गेल्या नव्हत्या. रोज जेवताना कानावर पडणारी ही गावं आहेत तरी कशी, हे त्यांना बघायचं होतं. काकांनी लग्नानंतर कधीतरी कबूल केलं होतं की रिटायर झालो की जाऊ. ते रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली होती. आता काकूंचे दोन्ही गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी दिवाळीनंतर ऑपरेशन सांगितलं होतं. काकूंचं एवढंच म्हणणं होतं की त्याच्या आधी, आहेत त्या स्वतःच्या गुडघ्यांवर, एकदा जाऊन येऊ दे. नंतर कुणी बघितलंय.

एवढी साधी गोष्ट. कुणीही माणूस एखाद्या टूरवाल्याकडे गेला असता आणि मोकळा झाला असता. काकांनी ट्रायल सुरू केली.

माझी चूक अशी झाली की मी एकदा ऑफिसच्या कामाला फ्रँकफर्टला जाऊन आले आहे, हे बोलून बसले. काकांनी ते लगेच रद्द ठरवलं. "ऑफिसने नेलं ना? मग ते धरायचं नाही." पण जर्मनी बघितलेला माणूस घरात आहे म्हटल्यावर माझे रविवार मात्र त्यांनी धरले.

उपनगरांची त्यांनी वाटणी केली होती. बर्लिनला जमिनीखालून मेट्रो, म्हणून बर्लिन म्हणजे अंधेरी. आमची मेट्रो डोक्यावरून जाते, हे मी दाखवून दिलं. काका म्हणाले की पंपाला काय, पाणी खालून येवो की वरून. म्युनिकला शहराच्या पोटात भलं मोठं उद्यान आहे, म्हणून म्युनिक म्हणजे बोरिवली. हॅम्बुर्ग बंदर, म्हणून माहुल. आणि कोलोनला स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की समोर आभाळात गेलेलं चर्च उभं राहतं, म्हणून कोलोन म्हणजे घाटकोपर. तिथे स्टेशनाबाहेर आलं की मेट्रोचं स्टेशन अंगावर येतं. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला आपणच वेडे आहोत असं वाटावं.

प्रत्येक ट्रायलला बॅग भरलेली लागायची. रिकामी बॅग म्हणजे फसवणूक. काकूंच्या बॅगेत त्यांचे कपडे, काकांच्या बॅगेत जुनी वर्तमानपत्रं, आणि मी आपली जर्मनीतली हमाल. तिकडे मेट्रोचं तिकीट आपणच यंत्रात सरकवून त्यावर ठसा मारून घ्यायचा असतो, विसरलात तर दंड. म्हणून काकांनी बिस्किटाच्या डब्याला चीर पाडून तो घराच्या दाराला टांगला. बाहेर पडताना आम्ही त्यात पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा. दूधवाल्याचे पैसे द्यायला दोन पावलं बाहेर गेलं तरी सरकवायचा. मला ऑफिसला उशीर होत असायचा आणि मी दारात पुठ्ठा शोधत असायचे. काकूंना मात्र त्याची सवय लागली. झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी आधी पुठ्ठा सरकवला असता.

खाण्याची ट्रायल म्हणजे आठवडाभर पाव, चीज आणि उकडलेला बटाटा. मधेच एका संध्याकाळी घरी आले तर जिन्यापासूनच तळलेल्या बांगड्याचा वास. काकू शांतपणे तव्यापाशी उभ्या आणि काका टेबलाशी बटाट्यापुढे बसलेले. "जर्मनीत बांगडा मिळत नाही," ते म्हणाले. काकूंनी ताट वाढलं. काकांनी जर्मनीला नापास केलं आणि बांगडा घेतला. थंडीची ट्रायल कुणा ओळखीच्या माणसाच्या मासळीच्या गोदामात झाली. स्वेटर, कानटोपी, मोजे असा जामानिमा करून आम्ही भर दुपारी त्या बर्फाच्या खोलीत उभे राहिलो. गोदामातली माणसं बाहेरून काचेतून बघत होती. काकूंनी येताना चांगली मोठी सुरमई घेतली, त्या ट्रायलचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

हॅम्बुर्गचं मात्र सांगायलाच हवं. बंदरात होडीतून फिरताना काकूंना मळमळलं तर काय, हा प्रश्न. म्हणून माहुलला गेलो. एका बाजूला तेलशुद्धीकरणाच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला चिखलात टेकलेल्या होड्या, हवेत दोन्हींचा मिळून एक वास. काकांनी एका कोळीदादांना गाठून होडीतून खाडीत एक फेरी मारायला सांगितलं. त्यांनी विचारलं, कशासाठी? काका म्हणाले, हॅम्बुर्गसाठी. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. काकू पदर खोचून, गुडघा धरून, एका झटक्यात होडीत चढल्या आणि कोळीदादांशी भरती-ओहोटीवर गप्पा मारायला लागल्या. वेंगुर्ल्याकडची बाई, तिला होडीचं काय. काका फळीला दोन्ही हातांनी धरून बसले. होडी जरा आत गेली आणि काकांना उलटी झाली. घरी आल्यावर त्यांनी निकाल सांगितला: हॅम्बुर्ग नापास. काकू म्हणाल्या, हॅम्बुर्गनं काय केलं हो तुमचं?

असं करत करत काही महिने गेले. हरवण्याची ट्रायल झाली, त्यात काका बोरिवलीच्या उद्यानात खरोखर हरवले. आजारी पडण्याची ट्रायल झाली. तेव्हा ते अंधेरीच्या मेट्रो स्टेशनात भर गर्दीत बाकावर आडवे झाले होते आणि आम्ही इंग्रजीतून मदत मागायची होती. मदतीला धावून आलेल्या बाईंना खरा प्रकार कळला तेव्हा त्या मराठीत जे बोलल्या ते मी कुणाला सांगत नाही. शेवटी पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने वैतागून आईबाबांची विमानाची तिकिटं काढली, बीकेसीला नेऊन व्हिसाचं काम उरकलं आणि सप्टेंबरच्या तारखा पासपोर्टात पक्क्या झाल्या. आता काही राहिलं नाही, असं मला वाटलं. काका म्हणाले, तिकीट आहे म्हणून जायचं असं नसतं. फायनल राहिली आहे.

फायनल म्हणजे विमानतळ. ज्या वेळेला खरं निघायचं त्याच वेळेला घरातून निघायचं, सगळ्या सामानासह अंधेरीला विमानतळावर पोचायचं, दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. काकू त्या दिवशी नवी साडी नेसल्या होत्या. ट्रायल आहे हे माहीत असून नेसल्या होत्या, आणि ते बघून मला सकाळपासूनच कसंतरी होत होतं.

आम्ही पोचलो. आजूबाजूला खरी जाणारी माणसं. कुणी आजीच्या पाया पडतंय, कुणी हार घातलेल्या पोराचे फोटो काढतंय. आत जायच्या दारापासून थोड्या अंतरावर काकांनी आम्हाला थांबवलं, घड्याळ बघितलं, काकूंच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले की बॅगा उतरवायला वेळ लागला, चढावर काकू दोनदा थांबल्या, हे असं चालणार नाही. नापास. तारखा पुढे ढकलू.

काकू एरवी आमच्यासारखंच बोलायच्या. खूप चिडल्या की मालवणीत जायच्या.

"तुमची ट्रायल संपापर्यंत माझे गुडगे संपतले," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "मी जातलंय. तुमका येवचा आसात तर येवा, नायतर रवा."

आणि बॅग घेऊन त्या चालायला लागल्या, सरळ दाराकडे. त्यांच्याकडे तिकीट नव्हतं, पासपोर्ट घरी कपाटात होता, विमान तर अजून दीड महिना लांब होतं. तरी त्या चालल्या होत्या, आणि त्या दिवशी तो गुडघा कुठे दुखत होता कुणास ठाऊक. काका त्यांना नावाने हाक मारत मागे निघाले. वर्तमानपत्रांनी भरलेली बॅग ओढत. अर्ध्या चढावर थांबले आणि एका ट्रॉलीच्या कडेला टेकले.

मी इतकी वैतागले होते की काय सांगू. मला वाटलं, आता हे आजारी पडण्याचं पुन्हा. मी म्हटलं, "काका, उठा. ही झाली आहे आपली ट्रायल."

काका घामाने थबथबले होते. छातीवर हात होता. त्यांनी मान हलवली. "ही ट्रायल नाही," म्हणाले.

काकू मागे वळल्या त्या तशाच धावत आल्या. आम्ही महिनोन् महिने पाठ केलेलं इंग्रजी कुणाला आठवलं नाही. दारावरच्या जवानानेच व्हीलचेअर आणवली, गाडी मिळवून दिली. जवळच्या हॉस्पिटलात नेलं, वेळेत नेलं. नसेत स्टेंट घातला. सगळ्या जगाची ट्रायल घेणाऱ्या या माणसाने स्वतःला कधी चालवून बघितलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी रडतही होते. दोन्ही एकदम होत होतं.

डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास काही महिने बंद केला. जिने हळूहळू चढा, फिरा, पण विमान नको. काकूंनी लगेच जाहीर केलं की आता जर्मनी नाही. दाराला टांगलेला बिस्किटाचा डबा त्यांनी काढून माळ्यावर टाकला. घरात नुसती शांतता होती. खरं सांगायचं तर इतक्या महिन्यांत मी जिच्यासाठी देव पाण्यात ठेवले होते ती शांतता आली, आणि मला ती सोसवेना.

एका संध्याकाळी आम्ही तिघं चहा घेत होतो. काका काकूंना म्हणाले, "तू जा."

"एकटी?"

"मुलगा इथे येऊन राहील माझ्याजवळ. विचारलंय मी त्याला." मग म्हणाले, "माहुलला होडीत कोण चढलं? गोदामात कोण कुडकुडलं नाही? बोरिवलीला मला शोधून कोणी काढलं? सगळ्या ट्रायलला मी नापास झालोय. तू एकदाही नाही. तुझ्यात खोट नाही गं. मी बघितलंय ना."

काकू कपबश्या उचलून आत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. कपबश्या तीनच होत्या.

खऱ्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो तेव्हा काकांनी दारापाशी खिशातून ती नेलपॉलिशची बाटली काढली. वाळली होती. त्यांनी ती हातावर आपटली, ब्रश घासला आणि काकूंच्या बॅगेवर, कडीजवळ, एक हिरवा ठिपका लावला. तो वाळेपर्यंत त्यांनी काकूंना आत जाऊ दिलं नाही. मागची माणसं खोळंबली होती. मुलगा म्हणत होता, बाबा, पुरे. मला पहिल्यांदाच त्यांना घाई करावीशी वाटली नाही.

काकू गेल्या आणि माझी सुटका झाली असं कुणाला वाटेल. काकू बर्लिनमध्ये होत्या त्या दिवशी काकांना अंधेरीला जायचं होतं. म्युनिकला त्या उद्यानात बसल्या तेव्हा काकांना बोरिवलीच्या बाकावर बसायचं होतं. मुलाला ऑफिसच्या मीटिंगा, म्हणून सोबतीला मी, रजा टाकून. काकू रोज फोन करायच्या. ठसा मारला का, हा काकांचा पहिला प्रश्न. मारला, हे काकूंचं उत्तर. एका तरुण जर्मन मुलीला ठसा मारायचा राहिला होता, काकूंनी तिला आठवण करून दिली, हे त्यांनी फार अभिमानाने सांगितलं.

कोलोनच्या दिवशी आम्ही दुपारपासून घाटकोपरच्या स्टेशनाबाहेर उभे. काकूंची गाडी पोचायची वेळ होऊन गेली, फोन नाही. मग मेसेज आला, गाडी तासभर उशिरा आहे. काका मानायला तयार नाहीत. जर्मनीत गाडी उशिरा येत नाही, ती चुकीच्या फलाटावर उभी असेल. मी म्हटलं, काका, येते उशिरा, मी स्वतः बघितलंय. "ते ऑफिसचं," ते म्हणाले. त्या उन्हात, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात, एका जर्मन गाडीच्या वतीने मी काकांशी भांडत होते. माझं शिक्षण, माझी नोकरी, सगळं आठवून मला माझी कीव आली.

मग व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन समोर धरला. दगड, दगड, वर वर जाणारा काळा दगड, फोनच्या पडद्यात न मावणारा. काका फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, बाहेर पडताना पायऱ्या होत्या का, कठडा होता का, गुडघा कसा आहे, बॅग कुठे आहे. काकूंनी बॅग दाखवली. हिरवा ठिपका जागेवर होता.

"म्हणजे सगळं बरोबर आहे," काका म्हणाले. "काही खोट?"

काकूंचा चेहरा आला पडद्यावर. नाक लाल झालेलं, डोक्याला स्कार्फ.

"सगळा बरोबर आसा," त्या म्हणाल्या. "एक नग कमी आसा."

काकांनी फोन बंद केला नाही, तसाच हातात धरून उभे राहिले. तोंड दुसरीकडे वळवून त्यांनी रुमाल काढला. मीही समोरच्या मेट्रोच्या जिन्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी माझ्या हातात दिली. आत वर्तमानपत्रं होती.

"चल," म्हणाले. "माझी ट्रायल राहिली आहे."

ते जिना चढायला लागले. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात फोन, फोनमध्ये कोलोनच्या चौकात उभ्या असलेल्या काकू. "हळू," त्या तिकडून म्हणत होत्या. "थांबा. श्वास घ्या. आता चढा." लोक आमच्याकडे बघून पुढे जात होते. वरच्या पायरीवर पोचेपर्यंत काकांना चांगलीच धाप लागली होती. त्यांनी फोन समोर धरला आणि शाळेतल्या पोरासारखे काकूंकडे बघत उभे राहिले.

"नापास," काकू म्हणाल्या. "उद्या परत."

उद्याची माझ्याकडे रजा नव्हती.